रेघ आणि ती ओलांडणारे

सप्टेंबर १८५० मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने फरारी गुलामांबद्दल एक कायदा केला आणि त्यात एक दरही ठरवून दिला. पळून आलेला म्हणून पकडलेला माणूस मालकाच्या हवाली करावा, असा निकाल दिला तर आयुक्ताला दहा डॉलर मिळणार; सोडून द्यावा असा दिला तर पाच. परत पाठवायचं म्हणजे लिखापढी जास्त, म्हणून दर जास्त, असं त्याचं समर्थन केलं गेलं. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नव्हती आणि ज्यूरीही मागता येत नव्हती. त्याला आसरा देणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होती. शिवाय मार्शलने हाक दिली, की रस्त्याने जाणाऱ्या कुणाही नागरिकाने त्या धरपकडीला हात लावायचा, हेही कायद्यात होतं.

अमेरिकेच्या यादवी युद्धाची कारणं मांडताना बहुतेक लेखक नकाशापासून सुरुवात करतात. मला या दहा डॉलरपासून सुरुवात करावीशी वाटते. १८६१ साली सुरू झालेलं हे युद्ध गुलामगिरीवरून झालं की आणखी कशावरून, हा वाद दीडशे वर्षांहून जास्त काळ चालू आहे. ते गुलामगिरीवरूनच झालं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ‘उत्तरेला गुलामगिरी नको होती, दक्षिणेला हवी होती’ एवढ्यावर खरा उलगडा होत नाही. उत्तरेतल्या बहुसंख्य गोऱ्यांना ती आपल्या दारापासून लांब होती तोवर चालत होती, आणि सत्तर वर्षं चालली. मग ती न चालण्यासारखं काय घडलं? देश पश्चिमेकडे वाढत गेला, हे एक कारण. दुसरं हे, की गुलाम केलेली माणसं पळत राहिली. पहिल्या कारणावर ग्रंथांचे ढीग आहेत. दुसऱ्याला फार काळ तळटिपेत जागा मिळाली, ही माझ्या दृष्टीने या इतिहासलेखनातली मोठी उणीव होती.

१७८७ साली फिलाडेल्फियात लिहिलेल्या संविधानात ‘गुलाम’ हा शब्द कुठेही नाही. तरी गुलामगिरीला त्यात तीन ठिकाणी आधार दिलेला आहे. प्रतिनिधिगृहातल्या जागा ठरवताना गुलामांच्या संख्येचे तीन-पंचमांश धरायचे. आफ्रिकेतून माणसं आणण्यावर १८०८ पर्यंत बंदी घालायची नाही. आणि एका राज्यात ‘सेवेला बांधलेली’ व्यक्ती दुसऱ्या राज्यात पळाली तर तिला परत द्यायचं. त्याच उन्हाळ्यात ओहायो नदीच्या उत्तरेकडच्या नव्या मुलखात गुलामगिरीला मनाई करणारा वटहुकूमही निघाला. ही प्रथा आपोआप आटत जाईल, असं त्या पिढीतल्या अनेकांना मनापासून वाटत होतं. व्हर्जिनियातली तंबाखूची जमीन थकली होती आणि उत्तरेतली राज्यं एकेक करून गुलामगिरी मोडीत काढत होती.

ती आटली नाही, याचं कारण कापूस. समुद्रकाठच्या पट्ट्यात लांब धाग्याचा कापूस होई आणि त्याची सरकी सहज निघे. आतल्या मुलखात पिकणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसाची सरकी मात्र रुईला घट्ट धरून असे. एका माणसाचा अख्खा दिवस जाई तेव्हा कुठे शेरदोन शेर रुई हाती लागे. वऱ्हाडातल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. १७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी काढण्याचं यंत्र केलं आणि ही अडचण संपली. आता जॉर्जियापासून मिसिसिपीपर्यंतची काळी जमीन कापसाखाली आणायला एकच गोष्ट कमी होती: माणसं. १७९० च्या जनगणनेत गुलाम सुमारे सात लाख होते. १८६० मध्ये ते साडेएकोणचाळीस लाखांवर गेले. त्या सुमाराला देशाच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून जास्त वाटा एकट्या कापसाचा होता. गुलामांची बाजारकिंमत इतिहासकार तीन अब्ज डॉलरच्या पुढे धरतात. देशातले सगळे कारखाने आणि रेल्वे यांत गुंतलेल्या भांडवलाहून ती जास्त होती.

या आकड्यांच्या आड काय होतं, तेही पाहिलं पाहिजे. समुद्रापलीकडून माणसं आणणं १८०८ पासून बंद झालं, तेव्हा देशातल्या देशात व्यापार फोफावला. व्हर्जिनिया, मेरीलँडसारख्या जुन्या राज्यांतून मिसिसिपी, अलाबामा, लुइझियानाकडे यादवी युद्धापर्यंत सुमारे दहा लाख माणसं हलवली गेली. काही मालकांबरोबर गेली, फार मोठी संख्या विकली गेली. पुरुष दोघे-दोघे बेड्यांत जखडलेले, बायका-पोरं मागून चालणारी, असे तांडे शेकडो मैल पायी नेले जात. राजधानी वॉशिंग्टनमध्येच विक्रीसाठी माणसं कोंडण्याचे वाडे होते. सॉलोमन नॉर्थप हा न्यू यॉर्कमधला जन्माने स्वतंत्र माणूस. व्हायोलिन वाजवण्याचं काम देतो म्हणून १८४१ साली त्याला वॉशिंग्टनला नेलं आणि गुंगवून अशाच एका वाड्यात डांबलं. तो वाडा काँग्रेसच्या घुमटाच्या टप्प्यात होता. पुढची बारा वर्षं त्याने लुइझियानातल्या मळ्यांवर काढली.

देश वाढत होता, आणि नवा मुलूख जोडला गेला की तोच प्रश्न पुन्हा उभा राही. १८१९ मध्ये मिसूरीने राज्याचा दर्जा मागितला तेव्हा मुक्त आणि गुलाम राज्यं अकरा-अकरा होती. न्यू यॉर्कचे प्रतिनिधी जेम्स टॉलमॅज यांनी तिथे गुलामगिरी हळूहळू संपवण्याची अट घालायला सांगितलं आणि सभागृह पेटलं. शेवटी तडजोड झाली. मिसूरी गुलाम राज्य, मेन मुक्त राज्य, आणि फ्रान्सकडून घेतलेल्या उरलेल्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटांच्या अक्षवृत्तावर एक रेघ. तिच्या उत्तरेला गुलामगिरी नाही. म्हातारे जेफरसन यांना ही बातमी रात्री वाजलेल्या आगीच्या घंटेसारखी वाटली, असं त्यांनी एका पत्रात लिहून ठेवलं आहे. ते स्वतः शेकडो गुलामांचे मालक होते. धोका कुठे आहे हे त्यांना दिसत होतं, तरी हातातलं सोडवत नव्हतं.

ती रेघ चौतीस वर्षं टिकली. राज्यं जोडीने आत येत राहिली: आर्कान्सासबरोबर मिशिगन, फ्लॉरिडाबरोबर आयोवा, टेक्सासबरोबर विस्कॉन्सिन. सिनेटमधला काटा सारखा ठेवायचा, म्हणजे दक्षिणेला नको असलेला कायदा होणार नाही, असा तो हिशेब होता. प्रतिनिधिगृहात मात्र कारखाने आणि युरोपातून येणारे स्थलांतरित यांच्या बळावर उत्तर पुढे जात होती.

तीसच्या दशकात एक वेगळीच ठिणगी पडली. १ जानेवारी १८३१ रोजी बॉस्टनमध्ये विल्यम लॉइड गॅरिसन यांनी ‘लिबरेटर’ हे साप्ताहिक सुरू केलं. गुलामगिरी ताबडतोब संपवा, भरपाई देऊ नका, अशी त्यांची मागणी होती. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नर यांनी बंड केलं. त्यात पन्नासहून अधिक गोरे मारले गेले आणि बदला म्हणून त्याहून कितीतरी जास्त कृष्णवर्णीय. त्या हिवाळ्यात व्हर्जिनियाच्या विधिमंडळात गुलामगिरी संपवावी का, यावर खुली चर्चा झाली. दक्षिणेत ती तशी शेवटचीच. त्यानंतर दारं बंद झाली, आणि गुलामांना लिहायला-वाचायला शिकवण्यावरचे निर्बंध आवळले गेले. १८३५ मध्ये चार्ल्सटनच्या टपाल कचेरीतून गुलामगिरीविरोधी पत्रकं काढून जमावाने त्यांची होळी केली. १८३६ पासून काँग्रेसमध्ये गुलामगिरीविरुद्धचे अर्ज चर्चेला न घेता बाजूला ठेवण्याचा नियमच झाला. तो आठ वर्षं चालला, आणि माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स त्याच्याशी एकटे म्हणावेत इतक्या चिकाटीने झुंजले. १८३७ मध्ये इलिनॉयातल्या ऑल्टन गावी एलायजा लव्हजॉय हे संपादक आपला छापखाना राखताना गोळीने मारले गेले.

मला इथे एक सांधा दिसतो. गॅरिसन यांचं म्हणणं पटणारे उत्तरेत थोडे होते. त्यांना स्वतःच्याच गावात जमावाने दोर बांधून रस्त्यातून ओढलं होतं. पण टपाल फोडलं जातं, अर्ज दाबले जातात, छापखाने मोडले जातात, हे पाहून गुलामांबद्दल फारसं काही न वाटणाऱ्या माणसालाही कळू लागलं की हे प्रकरण आपल्या तोंडापर्यंत आलं आहे. ‘गुलामसत्ता’ हा शब्द तेव्हा रूढ होत गेला. थोडे मळेवाले सगळं सरकार आपल्या मुठीत धरून आहेत, असा त्याचा अर्थ. तो निव्वळ अतिशयोक्तीचा नव्हता. १७८९ ते १८६१ या काळातली सुमारे दोन-तृतीयांश वर्षं राष्ट्राध्यक्षपदावर गुलाम बाळगणारी व्यक्ती होती.

मेक्सिकोशी झालेल्या युद्धाने (१८४६–४८) कॅलिफोर्नियापर्यंतचा अफाट मुलूख हाती आला आणि जुनी रेघ अपुरी पडली. युद्ध चालू असतानाच पेनसिल्व्हेनियाचे डेव्हिड विल्मट यांनी सुचवलं, की मेक्सिकोकडून मिळणाऱ्या जमिनीत गुलामगिरी नको. त्यांचा हेतू साफ होता: ती जमीन गोऱ्या कष्टकऱ्यांसाठी राखायची होती. ‘मुक्त जमीन’वाल्यांपैकी अनेकांना गुलामगिरी नको होती तसे कृष्णवर्णीय शेजारीही नको होते. १८५९ मध्ये ओरेगॉन मुक्त राज्य म्हणून आत आलं ते नव्या कृष्णवर्णीयांना वस्तीला बंदी करणारं संविधान घेऊनच. उत्तरेची बाजू सांगताना हे झाकून ठेवलं, तर पुढचं काहीच नीट कळत नाही.

१८४९ मध्ये सोन्यासाठी लोटलेल्या गर्दीने कॅलिफोर्नियाला एका वर्षात राज्य होण्याइतकं मोठं केलं, आणि त्या लोकांनी गुलामगिरी नाकारली. पंधरा-पंधराचा काटा मोडणार होता. हेन्री क्ले यांनी पुन्हा तडजोड मांडली; मरणाच्या दारातले दक्षिणेचे नेते कॅल्हून यांचं उत्तर दुसऱ्याने वाचून दाखवलं; डॅनियल वेब्स्टर तडजोडीच्या बाजूने बोलले आणि मॅसॅच्युसेट्समधले त्यांचे जुने चाहते त्यांच्यापासून दुरावले. अखेर स्टीफन डग्लस यांनी सगळ्याचे तुकडे करून एकेक विधेयक वेगवेगळ्या मतांवर मंजूर करून घेतलं. कॅलिफोर्निया मुक्त झालं, वॉशिंग्टनमधला गुलामांचा व्यापार बंद झाला, आणि दक्षिणेच्या पदरात तो फरारी गुलाम कायदा पडला.

१८५० च्या जनगणनेत पळून गेलेल्या गुलामांची नोंद हजाराच्या आसपास आहे. बत्तीस लाखांत हजार! मालकांच्या हिशेबात ही तूट नगण्य होती. तरीही दक्षिणेने हा कायदा सगळ्यात जोर लावून मागितला. राज्यांच्या हक्कांचा घोष करणाऱ्यांनी केंद्राचा हात उत्तरेच्या प्रत्येक गावात, प्रत्येक घराच्या उंबऱ्यापर्यंत पोचवणारा कायदा मागावा, यात मला सगळ्या वादाची गाठ दिसते. पळणारा माणूस आपल्या दोन पायांनी सांगत होता की मळ्यावर कुणी सुखी नाही. फ्रेडरिक डग्लस १८३८ मध्ये बाल्टिमोरहून निसटले आणि देशातले सर्वांत प्रभावी वक्ते झाले. हॅरिएट टबमन १८४९ मध्ये निसटल्या आणि पुन्हा पुन्हा मागे जाऊन सुमारे सत्तर माणसं बाहेर काढून आल्या. अशा एकेका माणसामुळे उत्तरेत शेकडो ऐकणारे तयार होत होते. मालकाला खरी भीती याची होती.

अँथनी बर्न्स यांचं प्रकरण थोडं जवळून पाहू. वय वीस. जन्म व्हर्जिनियाचा, प्रवचनं करणारा तरुण. १८५४ च्या सुरुवातीला रिचमंडहून जहाजात लपून ते बॉस्टनला पोचले आणि एका कपड्यांच्या दुकानात कामाला लागले. भावाला पत्र लिहिलं, ते मालकाच्या हाती पडलं आणि ठिकाण कळलं. २४ मेच्या संध्याकाळी कामावरून घरी जाताना त्यांना चोरीच्या खोट्या आरोपावरून पकडलं. वर न्यायालयात नेलं तेव्हा समोर मालक उभा. दोन दिवसांनी गोऱ्या आणि कृष्णवर्णीय लोकांनी मिळून ओंडक्याने न्यायालयाचं दार फोडायचा प्रयत्न केला; झटापटीत पहाऱ्यावरचा एक माणूस मेला, पण बर्न्स सुटले नाहीत. राष्ट्राध्यक्ष पिअर्स यांनी कळवलं, खर्चाकडे पाहू नका, कायदा बजावा. आयुक्त लोरिंग यांनी मालकाच्या बाजूने निकाल दिला; त्या निकालाचा दर दहा डॉलर होता. २ जूनला त्या एका तरुणाला न्यायालयापासून धक्क्यापर्यंत न्यायला नौसैनिक, तोफखाना, घोडदळ आणि शहराची पलटण उभी होती. रस्त्याच्या दुतर्फा पन्नास हजारांच्या आसपास माणसं होती. खिडक्यांवर काळं कापड लावलेलं होतं. एका ठिकाणी रस्त्यावर शवपेटी टांगली होती आणि तिच्यावर ‘स्वातंत्र्य’ असं लिहिलेलं होतं. एक माणूस परत पाठवायला सरकारला सुमारे चाळीस हजार डॉलर खर्च आला, असा त्या वेळचा अंदाज आहे. बॉस्टनच्या कृष्णवर्णीय चर्चने पैसे जमवून पुढच्या वर्षी तेराशे डॉलरला त्यांना सोडवून आणलं. पुढे ते शिकले, कॅनडात धर्मोपदेशक झाले आणि १८६२ मध्ये अठ्ठावीस वर्षांच्या वयात वारले.

आदल्या रात्री सनातनी विचारांनी झोपलेले बॉस्टनचे सावकार-व्यापारी दुसऱ्या दिवशी कट्टर गुलामगिरीविरोधी होऊन उठले, अशा अर्थाचं त्यांच्यातल्याच एकाने लिहिलं आहे. मॅसॅच्युसेट्सने पुढच्या वर्षी पळून आलेल्यांना संरक्षण देणारा आपला कायदा केला. बर्न्स यांच्यानंतर त्या राज्यातून एकही माणूस परत गेला नाही.

योगायोग असा, की बर्न्स कोठडीत होते त्याच आठवड्यात, ३० मे १८५४ रोजी, पिअर्स यांनी कॅन्सस-नेब्रास्का कायद्यावर सही केली. स्टीफन डग्लस यांना पश्चिमेकडे जाणारी रेल्वे हवी होती. त्यासाठी नेब्रास्काच्या मुलखाला शासन हवं. त्यासाठी दक्षिणेची मतं हवीत. आणि त्या मतांची किंमत म्हणजे ३६ अंश ३० मिनिटांची रेघ पुसणं. गुलामगिरी हवी की नको हे तिथले रहिवासी ठरवतील, असं ठरलं. ऐकायला हे लोकशाहीचं वाटतं. पण ज्यांच्या गळ्यात जोखड पडणार होतं, त्यांना मत नव्हतंच. त्या वर्षीच्या निवडणुकीत उत्तरेतले डेमोक्रॅट प्रतिनिधी ९१ वरून २५ वर आले, व्हिग पक्ष फुटून संपला आणि रिपब्लिकन पक्ष जन्माला आला.

कॅन्ससमध्ये मार्च १८५५ च्या मतदानाला शेजारच्या मिसूरीतून बंदूकवाले जथे आले. नोंदलेले मतदार सुमारे २,९०० होते, मतं पडली ६,००० हून जास्त. दोन विधिमंडळं, दोन कायदे, जाळपोळ. १८५६ च्या मे महिन्यात चार दिवसांत तीन गोष्टी घडल्या. २१ तारखेला मुक्तवाद्यांचं लॉरेन्स गाव लुटलं गेलं. २२ तारखेला सिनेटच्या सभागृहात, कॅन्ससवर घणाघाती भाषण केलेल्या चार्ल्स सम्नर यांना दक्षिण कॅरोलिनाचे प्रतिनिधी प्रेस्टन ब्रुक्स यांनी बाकावर बसलेले असतानाच काठीने इतकं मारलं, की काठीचे तुकडे झाले. सम्नर यांचे पाय जमिनीला पक्क्या केलेल्या मेजाखाली अडकले होते. उठताना त्यांनी ते मेजच उखडलं. पूर्ण बरे होऊन कामावर यायला त्यांना तीन वर्षांहून जास्त काळ लागला. ब्रुक्स यांना तीनशे डॉलर दंड झाला. दक्षिणेतून त्यांना नव्या काठ्या भेट आल्या आणि मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. २४ तारखेच्या रात्री कॅन्ससमध्ये जॉन ब्राऊन यांच्या टोळीने गुलामगिरीच्या बाजूच्या पाच जणांना घराबाहेर ओढून मारलं. यानंतर दोन्हीकडच्या वर्तमानपत्रांना समोरच्यात माणूस दिसेनासा झाला.

मार्च १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा वाद कायमचा मिटवायचं मनावर घेतलं. ड्रेड स्कॉट यांना त्यांच्या लष्करी डॉक्टर मालकाने इलिनॉय या मुक्त राज्यात आणि रेघेच्या उत्तरेकडच्या एका किल्ल्यावर वर्षानुवर्षं ठेवलं होतं. तिथेच त्यांचं हॅरिएट यांच्याशी लग्न झालं. या मुक्कामामुळे आम्ही स्वतंत्र ठरतो, असा दावा नवरा-बायकोने १८४६ मध्ये सेंट लुइसला लावला. अकरा वर्षांनी सरन्यायाधीश टॅनी यांनी निकाल दिला, की कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, आणि केंद्राच्या मुलखात गुलामगिरी रोखण्याचा काँग्रेसला अधिकारच नाही. म्हणजे रिपब्लिकन पक्षाचा मूळ कार्यक्रमच घटनाबाह्य ठरला. डग्लस यांचं ‘रहिवाशांनी ठरवावं’ हे सूत्रही अधांतरी लोंबकळलं. पुढच्या वर्षी इलिनॉयात सिनेटच्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या लिंकन यांनी त्यांना नेमकं तिथेच गाठलं. फ्रीपोर्टच्या सभेत डग्लस यांना म्हणावं लागलं, की स्थानिक पोलिसी कायदे केले नाहीत तर गुलामगिरी टिकणार नाही. ते सिनेटवर निवडून आले, पण दक्षिणेने त्यांना त्या उत्तराबद्दल कधी माफ केलं नाही.

त्याच १८५८ मध्ये दक्षिण कॅरोलिनाचे हॅमंड सिनेटमध्ये म्हणाले, की कापूस हा राजा आहे, त्याच्याशी कुणी युद्ध करायला धजणार नाही. इंग्लंडच्या गिरण्या आमच्यावाचून बंद पडतील, या खात्रीवर दक्षिणेने फार मोठा डाव लावला होता. तो कसा फसला, याचा धागा आपल्याकडे येतो. युद्धात दक्षिणेच्या बंदरांची कोंडी झाली, तेव्हा लँकेशायरने हिंदुस्थानच्या कापसाकडे मोर्चा वळवला. वऱ्हाड-खानदेशातला कापूस मुंबईत सोन्याच्या भावाने गेला, बॅक बेच्या शेअरांवर पेढ्या उभ्या राहिल्या, आणि १८६५ मध्ये तिकडे युद्ध संपताच इकडे सगळं कोसळलं.

ऑक्टोबर १८५९ मध्ये जॉन ब्राऊन एकवीस साथीदार घेऊन हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर चालून गेले. गुलामांचा उठाव करायचा बेत होता. दीड दिवसात तो मोडला. २ डिसेंबरला त्यांना फाशी झाली. उत्तरेत काही चर्चच्या घंटा वाजल्या आणि दक्षिणेला वाटलं, सगळी उत्तर ब्राऊन यांच्या पाठीशी आहे. ते खरं नव्हतं. पण पुढचं वर्ष निवडणुकीचं होतं. नव्या मुलखात गुलामगिरीला केंद्राने कायद्याने संरक्षण द्यावं, ही मागणी चार्ल्सटनच्या डेमोक्रॅट अधिवेशनाने मानली नाही, म्हणून खोल दक्षिणेचे प्रतिनिधी उठून गेले आणि पक्ष दुभंगला. इथेही मागणी केंद्राच्या सत्तेचीच होती. नोव्हेंबरमध्ये लिंकन चाळीस टक्क्यांहून थोड्या कमी मतांवर निवडून आले. दक्षिणेतल्या दहा राज्यांत त्यांच्या नावाची मतपत्रिकाच नव्हती.

२० डिसेंबर १८६० रोजी दक्षिण कॅरोलिना १६९ विरुद्ध शून्य मतांनी फुटून निघालं. त्यांनी आपली कारणं स्वतः लिहून ठेवली आहेत, आणि मला वाटतं, या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने आधी तो कागद वाचावा. उत्तरेची राज्यं पळालेले गुलाम परत देत नाहीत, ही त्यातली मुख्य तक्रार आहे. न्यू यॉर्कने आम्हाला गुलाम बरोबर घेऊन तिथून नुसतं जाऊही दिलं नाही, अशीही तक्रार आहे. म्हणजे न्यू यॉर्कने स्वतःच्या हद्दीत स्वतःचा हक्क बजावला, हाच गुन्हा! मार्च १८६१ मध्ये सॅव्हाना शहरात दक्षिणेच्या नव्या सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स यांनी सांगितलं, की कृष्णवर्णीय गोऱ्यांच्या बरोबरीचा नाही, हीच आमच्या राज्याची कोनशिला आहे. युद्ध हरल्यावर याच स्टीव्हन्स यांनी दोन जाडजूड खंड लिहून वाद घटनेच्या अर्थावरून होता असं मांडलं. ‘राज्यांचे हक्क’ या कारणाला एवढं वजन मागाहून आलं.

जकातीचं कारण त्याहून कमजोर. १८५७ चा जकात कायदा दक्षिणेच्या सोयीचा होता. जास्त दराचा कायदा मार्च १८६१ मध्ये झाला, तोवर सात राज्यं निघून गेली होती. चार्ल्स आणि मेरी बिअर्ड यांनी १९२७ मध्ये कारखानदारी विरुद्ध शेती अशी मांडणी केली. पण ती शेती गुलामांच्या कष्टावर उभी होती, म्हणून कुठूनही निघालं तरी वाट तिथेच येते. जेम्स रँडल आणि त्यांच्या पिढीच्या काही इतिहासकारांना वाटलं, की नेते शहाणे असते तर युद्ध टळलं असतं. टळलं असतं म्हणजे काय झालं असतं? चाळीस लाख माणसं आणखी एक पिढी जोखडाखाली राहिली असती. हा खर्च त्या हिशेबात धरलेलाच नाही. अर्थात डेव्हिड पॉटर यांचा इशारा मला महत्त्वाचा वाटतो: शेवट आपल्याला माहीत आहे म्हणून त्या माणसांनाही तो दिसत होता असं धरू नये. १८६० च्या हिवाळ्यातही तडजोडीची खटपट चालू होती. जुनी रेघ पॅसिफिकपर्यंत न्यावी, ही क्रिटेंडन यांची सूचना लिंकन यांनी मानली नाही. पण जिथे आहे तिथल्या गुलामगिरीला केंद्र कधीही हात लावणार नाही, अशी घटनादुरुस्ती काँग्रेसने मंजूर केली, आणि लिंकन यांनी पहिल्या भाषणात तिला हरकत नसल्याचं सांगितलं. एवढी हमी दक्षिणेने लाथाडली. तिला वाढायला जमीन हवी होती आणि पळणारा परत हवा होता.

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, कारण त्यांनी कृष्णवर्णीयांना दास्यातून सोडवलं. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या बाबतीत हा कित्ता गिरवावा, अशी त्यांची आशा होती. सातासमुद्रापलीकडच्या घटनेचं मोल त्यांनी पुण्यात बसून किती लवकर ओळखलं, याचा मला फार अभिमान वाटतो. १९३५ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी त्या अर्पणपत्रिकेत बसेल अशी भर घातली. त्यांनी दाखवलं, की सोडवणाऱ्यांत खुद्द गुलामही होते. मळे सोडून लाखोंनी निघून जाऊन त्यांनीच युद्धाचं पारडं फिरवलं. अलीकडचे इतिहासकार याच वाटेने युद्धाआधीच्या दशकांकडेही पाहू लागले आहेत.

१२ एप्रिल १८६१ च्या पहाटे चार्ल्सटनच्या बंदरात सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या. लिंकन यांनी ७५,००० स्वयंसेवक मागवले, तेव्हा व्हर्जिनियासह आणखी चार राज्यं फुटली.

२३ मे रोजी व्हर्जिनियाच्या मतदारांनी फुटण्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड या तीन गुलामांनी होडी काढली. त्यांना बंडखोरांच्या तोफांसाठी मोर्चे बांधायच्या कामावर लावलेलं होतं. खाडी ओलांडून ते केंद्राच्या ताब्यातल्या मनरो किल्ल्यावर आले. तिथले सेनापती बेंजामिन बटलर मॅसॅच्युसेट्सचे वकील आणि डेमोक्रॅट; आदल्या वर्षीच्या अधिवेशनात त्यांनी उमेदवारीसाठी जेफरसन डेव्हिस यांना सत्तावन्न वेळा मत दिलं होतं, आणि आता तेच डेव्हिस दक्षिणेचे अध्यक्ष होते. दुसऱ्या दिवशी पांढरं निशाण घेऊन मालकाचा माणूस आला. १८५० च्या कायद्याप्रमाणे आमचे तिघे परत द्या, म्हणाला. बटलर यांनी उत्तर दिलं, की व्हर्जिनिया स्वतःला परका देश म्हणवते, तर या देशाचा कायदा तिला लागू नाही. मालकाने येऊन संघराज्याशी निष्ठेची शपथ घेतली तर पाहू. शपथ घ्यायला कुणी आलं नाही. बटलर यांनी तिघांना ‘युद्धात जप्त केलेला माल’ ठरवून ठेवून घेतलं.

तो किल्ला ज्या टोकावर आहे, त्याच पॉइंट कम्फर्टला ऑगस्ट १६१९ मध्ये एका जहाजातून विसाहून थोडे जास्त आफ्रिकी लोक उतरवले गेले होते. इंग्रजांच्या व्हर्जिनियात विकलेले ते पहिले. बटलर यांनी तिघांना ठेवून घेतल्याची बातमी रातोरात मळ्यांवर पसरली. दोन दिवसांनी आणखी माणसं आली, मग कुटुंबंच्या कुटुंबं, डोक्यावर गाठोडी आणि कडेवर पोरं घेऊन. जुलैअखेर बटलर यांनी वर लिहून मोजदाद कळवली: नऊशे माणसं, त्यांपैकी १७५ बायका, आणि दहा वर्षांखालची २२५ मुलं.